आईसाहेबांचे तसबिरीचे अंगरखे

श्रीगजानन प्रसन्न. शारदेस साष्टांग दंडवत, आणि लेखणीनें खरें तेंच लिहावें ही कुलस्वामीपाशीं प्रार्थना. कापडावर तसबीर उमटविण्याचे कामीं राज्यांत जो बोभाटा जाहला तो साद्यंत लिहावा ऐशी साहेबांची आज्ञा जाहली, त्याजवरून जैसें पाहिलें ऐकिलें तैसें लिहिलें असे. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं महाराजांच्या मातुश्री आईसाहेब यांचें सहस्रचंद्रदर्शन नेमस्त जाहलें. एक्याऐंशी वर्षांचें वय, परंतु दांत शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. महाराज हर्षें बोलिले, "त्या दिवशीं अवघ्या फौजेनें आईसाहेबांची तसबीर छातीवर वागवावी." मग टी-शर्ट नामे आखूड अंगरखे करावे ऐसें ठरलें, आणि कापडकोठीचे कारखानीस तिमाजीपंत यांस हुकूम जाहला. पंत पोरके असतां आईसाहेबांनीं आपले पंगतीस बसवून वाढविले होते, त्यामुळें हें काम त्यांस चाकरी नव्हे, पांग फेडणें वाटलें, आणि ते देवापुढें बोलिले, "यांत उणें राहिलें तर त्या माउलीस तोंड दाखविणार नाहीं."

या विद्येची रीत ऐशी कीं, चित्र आधीं ट्रान्सफर पेपर नामे कागदावर छापावें, कागद कापडावर पालथा घालावा, आणि हीट प्रेस नामे यंत्राच्या तापल्या तव्याखालीं दाबावा, म्हणजे चित्र कागद सोडून कापडास धरतें. मग कागदवाले व्यापारी दरबारीं आले. एकानें पातळ कागद दाखविला. तो पांढऱ्या कापडावर नामी, परंतु काळ्यावर घातला तर चित्र दिसेचना. दुसऱ्यानें गडद कापडाचा जाड कागद दाखविला. तो कोठेंही दिसे, परंतु छातीवर पत्रा ठोकिल्यासारखा लागे. तिसरा बोलिला, "माझी शाई वाफ होऊन धाग्यांत शिरते, हातास लागत नाहीं, धुतां जात नाहीं." तेव्हां अवघा दरबार वाहवा करूं लागला, आणि पंतांनीं हळूच पुसिलें, "सुती कापडास चालेल ना?" व्यापारी खाकरला आणि म्हणाला, "सुती सोडून बोला, पंत. पॉलिस्टर पाहिजे." आतां आईसाहेब सुतावांचून कांहीं अंगास लावीत नसत, आणि त्यांचे सोहळ्यास पॉलिस्टर म्हणजे उपासास कांदा! सबब पांढरें सुती कापड आणि पातळ कागद कायम जाहला. पंतांनीं व्यापाऱ्यानें छापून दिलेला नमुना परटाकडून दगडावर आपटविला, चित्र टिकलें, आणि पंतांनीं परटास आपला शेला दिला.

यंत्राचे कामीं मात्र शास्त्र आडवें आलें. यंत्रें दोन. एकाचा वरचा तवा बाजूस फिरे, दाब सारखा बसे, हात भाजत नसे. पंतांचें मन त्यावर. दुसरें सुसरीसारखा जबडा वासून उभें राही. धर्माधिकारी शेषशास्त्री यांनीं दोन्ही यंत्रांस प्रदक्षिणा घातली आणि बोलिले, "पहिल्याचा तवा भुईकडे पाहतो. दर खंडेनवमीस त्यास हळदकुंकू कोठें लावावें? दुसऱ्याचें कपाळ कैसें समोर दिसतें!" महाराजांनीं मान डोलाविली, आणि जबडा विकत आला. मग सोहळ्याचे आदले दिवशीं सकाळीं यंत्राची पूजा जाहली. शास्त्रीबोवांचा हात सढळ. तेलांत कालवून कुंकवाचा जो टिळा तव्यावर लाविला तो रुपयाएवढा. आणि मग काम चाललें. कागद सोलून काढिल्यावर चित्र पक्कें बसावें म्हणून त्यावर बटर पेपर पसरून आणखी एकदां अंमळ दाबावें लागतें. पंतांनीं बटर पेपर मागविला तों कळलें कीं मुदपाकखान्यानें तो वड्या थापावयास नेला. फौज तर अंगरख्यांसाठीं दारीं उभी. पंत बोलिले, "क्षणभर तर दाबणें आहे. तसेंच दाबा!" आणि उघड्या तव्याखालीं तसेंच दाबिलें. कारागिरांनीं काय उमटलें तें पाहिलें, परंतु पुसल्यावांचून बोलूं नये ही त्या राज्याची शिस्त, म्हणून अंगरखे पालथे रचून उगे राहिले.

दुपारीं पंतांनीं ढीग उलथा केला आणि त्यांचें धाबें दणाणलें. आईसाहेब चाळीस वर्षांवर विधवा; चित्रकारानें कपाळ रीतीप्रमाणें मोकळें काढिलें होतें, आणि त्या कपाळीं आतां ठसठशीत कुंकू! साबण लाविला, लिंबू चोळिलें, परंतु तापल्या चित्रांत मुरलें तें काय निघतें! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शास्त्रीबोवा धांवत आले आणि ओरडले, "अनर्थ! अंगरखे जाळा, आणि कारखानीसास हद्दपार करा!" महाराजांचा चेहरा उतरला. पंतांस देशाची हद्द सुटते याचें कांहीं वाटलें नाहीं, ज्या हातचें जेवलों त्याच माउलीची विटंबना केली म्हणून त्यांस रडें कोसळलें. मग एक अंगरखा उचलून ते थेट आईसाहेबांचे महालीं गेले, मागोमाग महाराज, राणीसाहेब आणि शास्त्रीबोवा गेले, आणि पंतांनीं अंगरखा पायांशीं ठेवून म्हटलें, "आईसाहेब, यांत दुसऱ्या कोणाचा दोष नाहीं. घाई मीं केली."

आईसाहेबांनीं चष्मा मागविला आणि अंगरखा उजेडास धरून बहुत वेळ पाहिला. मग पुसिलें, "हें कुंकू मुळांत लाविलें कोणीं?" शास्त्रीबोवा बोलिले, "मीं. परंतु तें यंत्रास, मातुश्री!"

"लावितांना त्या लोखंडास पुसिलेंत काय कीं, बाबा रे, तुझा नवरा जिता आहे कीं गेला?"

शास्त्रीबोवा बोटांचें कुंकू उपरण्यास पुसूं लागले.

"चाळीस वर्षें आरशांत पाहतें, पण वेणीपुरती," आईसाहेब बोलिल्या. "कपाळ दिसलें कीं तोंड फिरवितें. ही बाई मात्र मला ओळखीची वाटते हो." आणि पंतांकडे वळून म्हणाल्या, "रडतोस काय, तिम्या! हेच अंगरखे उद्यां फौजेस दे. आणि सूनबाई, तुमचा कुंकवाचा करंडा आणा इकडे." राणीसाहेबांनीं महाराजांकडे पाहिलें. महाराज उठले, आणि करंडा स्वतः घेऊन आले.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. पांढऱ्या सुती कापडास पातळ कागद योजावा, यंत्र हात संभाळील ऐसें घ्यावें, आणि बटर पेपर कुलुपांत ठेवावा. अंगरख्यांवरील तसबिरीस धुतां धुतां तडे गेले. आईसाहेबांचें कुंकू सरणावरही कपाळीं होतें. लिहिलें तितकें घडलें, अधिक कांहीं नाहीं. इति.