सगळ्यांनी नावं ठेवलेली नाव

एका जंगलात, नदी खाडीला मिळते त्या काठावर, एक होता साळिंदर. त्याचं नाव गोंदा. एक होती साळिंदरीण. तिचं नाव येसू. आणि एक होतं त्यांचं पिल्लू, बायो. बायोचे काटे अजून मऊ होते, भाताच्या रोपासारखे. हात फिरवला तर काटे टोचायचे नाहीत, उलट तिलाच गुदगुल्या व्हायच्या. हे लक्षात ठेवा, बाळांनो. पुढं लागणार आहे.

तिघं टेकडीच्या पोटात एका बिळात राहायची. बीळ गोंदाच्या आज्यानं खोदलेलं. दारात करांद्याचा वेल, त्याच्या कंदांवर तिघांचं पोट. खायचं दारात, झोपायचं घरात. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.

त्या जंगलाचा राजा होता सिंह. राजाला रोज काहीतरी कमी पडावं लागतं, नाहीतर त्याचा दिवस जात नाही. या सिंहाला गुहेत बसून खाडी दिसत नव्हती. मध्ये टेकडी येत होती. चार पावलं चालून गेला असता तर दिसली असती. पण राजा चालत कसा जाणार? म्हणून त्यानं टेकडी कापायला सांगितली.

दरबारचा कारकून होता कोल्हा. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब बिळाच्या तोंडाशी आले आणि पौर्णिमेच्या आत जागा मोकळी करा म्हणून सांगून गेले. गोंदानं विचारलं, जायचं कुठं? तेव्हा ते म्हणाले, तेही दरबारानंच सांगायचं तर तुम्ही लोक स्वतःचं स्वतः करायला शिकणार कधी?

त्या दिवसांत जंगलात बिळांचा भाव फार चढला होता. दोन तोंडांचं बीळ नुसतं बघायला जायचं तरी अंगाची माती झटकून जावं लागे. गोंदाजवळ होता करांद्यांचा एक ढीग. तेवढ्यात एका तोंडाचंही बीळ येईना. अर्ध्या तोंडाचं एक मिळत होतं, पण त्यात आधीच नाग राहत होता.

आता साळिंदराच्या पिल्लाला बीळ का लागतं, ते सांगते. काटे कडक होईस्तोवर ते पिल्लू कुणाच्याही तोंडात मावतं. बायोचे काटे कडक व्हायला अजून दोन महिने होते आणि पौर्णिमेला एक.

खाडीच्या चिखलात एक जुनी होडी पडलेली होती. कुणा माणसानं कधीकाळी सोडून दिलेली. भरतीचं पाणी तिच्या पोटात शिरायचं, ओहोटीला निघून जायचं, आणि जाताना एखादा मासा विसरायचं.

येसूनं होडीला एक चक्कर मारली. ती म्हणाली, इथं राहू. गोंदा म्हणाला, अगं, हिला खाली जमीन कुठाय?

"जमीन नाही म्हणून तर बरं," येसू म्हणाली. "जमीन नाही ते कुणी कापायला येणार नाही."

तिथं चिखलात एक बगळा एका पायावर उभा होता. त्यानं या बेताचं फार कौतुक केलं. म्हणाला, थोडक्यात राहावं, थोडक्यात सुख असतं. मलाच बघा, मी एका पायावर राहतो आणि दुसरा शिल्लक टाकतो. तो रोज सकाळी माशांना हेच शिकवायचा. शिकणारे रोज कमी कमी होत होते.

पण होडी आपल्या नावावर करायला हवी. म्हणून गोंदा भाऊसाहेबांच्या दफ्तरात गेला.

भाऊसाहेबांनी वर न बघता विचारलं, "नाव?"

"तीच घ्यायला आलोय," गोंदा म्हणाला.

"अरे, तुझं नाव काय?"

"माझी अजून झाली नाही, भाऊसाहेब. झाली असती तर आलो कशाला असतो?"

अशी अर्धी दुपार गेली. ऐकायला दोन्ही सारखीच, त्याला गोंदा तरी काय करणार? शेवटी भाऊसाहेबांनी अर्धा ढीग करांदे घेतले आणि नाव त्याच्या नावावर केली. वर नियम सांगितला, की नाव ठेवल्याशिवाय नाव पाण्यात घालायची नाही. नाव पाच जणांनी मिळून ठेवलेलं पाहिजे. आणि ते पाच जण जमवायचं काम अस्वलाकडे आहे, अस्वल मधाच्या कामाला गेलंय, ते पौर्णिमेनंतर येईल.

म्हणजे पौर्णिमेच्या आत बीळ सोडायचं आणि पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही. दोन्ही नियम भाऊसाहेबांनी एकाच तोंडानं सांगितले होते.

मेस्त्री मिळाला तो खेकडा. त्याचं नाव आडोबा. कामाला चोख, फक्त ओहोटीला यायचा, आणि कुठलीही गोष्ट सरळ करायचा नाही. त्यानं होडीला नांगी लावून बघितली आणि म्हणाला, जरा उघडून बघू. एक फळी उघडली. ती कुजलेली. तिच्यामागची वर दिसायला चांगली होती, म्हणून तीही उघडून बघितली. तीही कुजलेली. पंधरा दिवस आडोबा उघडून बघत होता. सोळाव्या दिवशी गोंदानं विचारलं, मेस्त्री, होडी कुठाय? आडोबा म्हणाला, तेच मी बघतोय.

मग नव्यानं उभारणी सुरू झाली. फळ्यांना वाहून आलेली लाकडं घेतली. फटींना सावरीचा कापूस, त्यावर सालईची राळ. गोंदानं दातांनी लाकडं तासली. येसूनं राळ मळली. बायोला राळेपासून लांब ठेवायचं ठरलं होतं, त्यामुळं ती दिवसातून दोनदा राळेतून सोडवून काढावी लागे.

एकच मोठी अडचण होती. साळिंदरानं कूस बदलली की फटीतला कापूस काट्याला लागून बाहेर. येसू एक फट भरायची आणि उठताना दोन उकरायची.

तेवढ्यात खिळे संपले. विकत आणायला जवळ एकच करांदा उरला होता. आडोबा म्हणाला, खिळे नसतील तर मी चाललो, भरती यायला झाली.

येसूनं पाठीवरचा एक काटा उपटला आणि मेस्त्रीच्या पुढ्यात ठेवला.

गोंदा म्हणाला, "अगं, काट्याशिवाय आपल्याला कोण साळिंदर म्हणेल?"

"कोल्हा जेवण म्हणेल," येसू म्हणाली. "म्हणूनच घर आधी झालं पाहिजे. अहो, इकडं पाठ करा."

आणि तिनं नवऱ्याची पाठ घेतली. दोघांच्या पाठी रोज थोड्या थोड्या मोकळ्या होत गेल्या. कापूस उकरायचा थांबला, तेवढाच फायदा. पौर्णिमा आली तेव्हा होडी पुरी झाली होती आणि गोंदा-येसू सोललेल्या रताळ्यासारखी दिसत होती.

पण एक घोटाळा झाला होता. खेकडा कधी बाहेर बसून काम करतो का? आडोबा आत बसला आणि काटे आतून बाहेर ठोकत गेला. सगळी टोकं बाहेर. ती नंतर कुरतडायची असं ठरलं होतं, पण बोलता बोलता पौर्णिमा उजाडली. आत घर गुळगुळीत, बाहेर नुसते काटे.

या सगळ्या महिन्यात जंगल काय करत होतं? जंगल काठावर बसून होतं. वानर म्हणालं, हे खुराडं. भेकरीण म्हणाली, बाई बाई, बुडती दिसतेय. घोरपड म्हणाली, सुतारानं टाकून दिलेला भुसा. ससा काही बोलायचा नाही, पण त्यालाही राहवलं नाही, तो म्हणाला, मोडका पाळणा. शेवटी बगळ्यानं मान तिरकी केली आणि म्हणाला, हा तर फणस.

पौर्णिमेच्या सकाळी टेकडी पडली. बीळ गेलं. दुपारी उधाणाचं पाणी चढायला लागलं आणि भाऊसाहेब काठावर येऊन उभे राहिले. गोंदाच्या उघड्या पाठीकडे बघत त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, आणि नियम काढला. नाव ठेवलंय का?

येसू फळीवर उभी राहिली. "ठेवलंय की, भाऊसाहेब. पाच जणांनी. महिनाभर रोज ठेवताहेत." आणि तिनं काठाकडे बोट केलं. "विचारा त्यांना, ठेवली की नाही नावं?"

आता नाही कोण म्हणणार? नावं ठेवल्याचं कबूल करायला जंगलात सगळे पुढं असतात. वानर म्हणालं, मी पहिलं ठेवलं. भेकरीण म्हणाली, माझं जास्त चांगलं होतं. पाच साक्षी झाल्या. भाऊसाहेबांना लिहिणं भाग पडलं. पाचांतलं शेवटचं ते खरं, म्हणून दफ्तरात नाव लागलं 'फणस'. पाणी होडीखाली आलं. फणस एकदा करकरली, आणि चिखलातून मोकळी होऊन तरंगली. एक थेंब आत आला नाही. आडोबाला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

तिकडं गुहेत सिंह बसला होता. टेकडी गेली होती. आज खाडी दिसणार. त्यानं आयाळ झटकली, डोळे उघडले, आणि त्याला पहिलं काय दिसलं? बरोबर मधोमध, उन्हात, एक भला मोठा फणस.

एवढी टेकडी कापली ती फणस बघायला? सिंह रागानं उठला आणि, बाळांनो, चालत आला. चार पावलं. मोडून टाकतो म्हणाला, आणि काठावरूनच त्यानं होडीवर पंजा मारला.

साळिंदराच्या काट्यावर पंजा मारला की काय होतं, ते ज्यानं मारलाय त्यालाच विचारावं. पंजा काट्यांत रुतला. ओढला तर आणखी रुतला. खालून पाणी चढत होतं, आणि फणस काठ सोडून निघाली होती. एक पाय काठावर, एक पंजा होडीवर, असा सिंह लांब लांब होत गेला. मग काठावरचा पाय सुटला आणि महाराज पाण्यातून लोंबकळत फणसेबरोबर खाडीत गेले.

गोंदानं बायोला पोटाशी धरलं. त्याच्या पाठीवर एक काटा नव्हता. सिंहाचं तोंड फळीच्या वर आलं होतं, आणि ते तोंड बायोपासून जेमतेम बायोएवढ्या अंतरावर होतं.

येसू सिंहाच्या पंजाजवळ जाऊन बसली. "ओढू नका, महाराज. ओढलं की काटा आणखी आत जातो. हे काटे माझ्याच अंगचे आहेत, कसे निघतात ते मला ठाऊक आहे. पण त्याआधी एक सांगा."

सिंह नुसता कण्हला.

"काठावर सगळं जंगल बघतंय. विचारतील तेव्हा मी काय सांगू? महाराज अडकले, की महाराज पाहुणे आले?"

सिंहानं काठाकडे बघितलं. माना उंचावलेल्या. वानर तर झाडावर चढलेलं.

"पाहुणा," सिंह म्हणाला.

"मग या वरती," येसू म्हणाली. "आमच्यात पाहुणा घरच्यांना खात नाही."

तिनं एकेक काटा वळवून वळवून मोकळा केला, आणि प्रत्येक काटा परत जागेवर बसवला, नाहीतर सगळीच बुडाली असती. महाराजांना उरलेला एक करांदा भाजून दिला. करांदा कडू असतो. राजानं तो खाल्ला, कारण पाहुणा होता. बायो त्याच्या आयाळीत शिरून झोपली, आणि राळेचे हात असल्यामुळं तिथंच चिकटली. ओहोटीपर्यंत कुणाला हलता आलं नाही.

काठावरून वानरानं ओरडून विचारलं, महाराज, तिथं काय करताय?

"हवा चांगली आहे," सिंह म्हणाला. "मुद्दाम आलोय."

झालं. एवढं एक वाक्य पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून जंगलात ज्याला त्याला होडी हवी. बिळात राहायची लाज वाटायला लागली. कुणाच्या घरी गेलं तर विचारायचे, अजून जमिनीवरच का? भेकरीण फुटका पडाव घेऊन आली. वानरानं झाड सोडलं. बगळ्यानं शिकवणी वाढवली. आडोबाकडे तीन वर्षांची कामं जमली. तो सगळीकडे जाऊन उघडून बघायला लागला. आणि काटे आपल्याच अंगचे हवेत अशी टूम निघाल्यावर, ज्यांना काटे नव्हते त्यांनी केस उपटून बघितले.

सगळ्यात जास्त घाई भाऊसाहेबांना. महाराज ज्या नावेत राहिले ती नाव दुसऱ्याच्या नावावर, हे त्यांना झोप लागू देईना. त्यांचं बीळ जंगलात एक नंबर होतं. उंचावर, कोरडं, तीन तोंडांचं, आत कोरडा पाला, मागं तीन पावसाळे पुरतील एवढे करांदे. त्यांत गोंदाचा अर्धा ढीगसुद्धा होता. ते म्हणाले, बीळ घे, फणस दे.

गोंदा म्हणाला, विचार करून सांगतो. येसूनं त्याला विचार करू दिला नाही.

भाऊसाहेब फणसेत राहायला गेले. आत गुळगुळीत होतं, पण घरात शिरायचं म्हणजे बाहेरून शिरायला लागतं. त्यांचा पहिला दिवस दारातच गेला.

इकडं बिळात दोन महिने गेले. गोंदाच्या आणि येसूच्या पाठी पुन्हा भरल्या. बायोचे काटे कडक झाले. आता हात फिरवला तर गुदगुल्या तिला होत नाहीत. एका दुपारी तिघं पोटभर करांदे खाऊन पाल्यावर आडवी झाली. गोंदानं भीत भीत कूस बदलली. कापूस निघाला नाही, पाणी आलं नाही, कुठंही भोक पडलं नाही. मग त्यानं, काहीच कारण नसताना, परत एकदा बदलली.

तात्पर्य : मेहनतीनं घर मिळत नाही. राजाचा पंजा अडकला की घर मिळतं. मेहनत एवढ्यासाठीच करावी, की पंजा अडकायला काहीतरी जागा लागते.