सात नंबरची पेशी

प्लांटच्या रुआबांधा कॉलनीत क्वार्टरसमोरच्या सागवानाला अनुजा मॅडमनी सात नंबरचा बिल्ला ठोकला, तेव्हा गुलाबराव दारात चहा पीत होते. मॅडम पुण्याहून संशोधनाला आलेल्या. बोलणं एकदम पुस्तकातलं.

"काका, दर मंगळवारी या झाडाच्या पेशी बघायला येईन हं. ऊन-पावसाचा काय परिणाम होतो, ते कळेल."

गुलाबरावांनी कप खाली ठेवला. प्लांटमध्ये दिवसभर हिंदी बोलणारा माणूस. त्याला पेशी एकच माहीत, दुर्गच्या कोर्टातली तारीख! आणि मागच्याच महिन्यात कूलरच्या स्टँडसाठी याच सरकारी झाडाच्या दोन फांद्या त्यांनी गुपचूप उतरवल्या होत्या. आता माणसानं सरळ विचारावं ना, की बाई, कसली पेशी? नाही! गेले शेजारच्या भूपेंद्रकडे. तो कोर्टाबाहेर टायपिंग करतो आणि स्वतःला अर्धा वकील समजतो.

"हर मंगल को पेशी?" भूपेंद्र गंभीर झाला. "मामला बडा है भैया. पेड ही गवाह है. सूख गया, तो सबूत मिटाने का केस अलग."

"मंग करू काय?"

"पानी डालो, और क्या!"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता गुलाबराव नळावर हजर. रिटायरमेंटला चार महिने उरलेले, आणि आता जेल? रोज सहा बादल्या ओतल्या. तोडलेल्या फांद्यांच्या जागी हळद लावली. मंगळवारी मॅडम हातोडीनं पोकळ सुई ठोकून काडीएवढं लाकूड काढायच्या, बाटलीत घालायच्या. गुलाबराव बाजूला हात जोडून उभे.

"घ्या जी, बयान घ्या," ते पुटपुटायचे.

मेच्या शेवटच्या मंगळवारी मॅडम रडवेल्या होऊन आल्या.

"काका, बाकीची सगळी झाडं पावसाची वाट बघत झोपलीयत. कॉम्प्युटरवरच्या माझ्या मॉडेलनंही तेच सांगितलं होतं. हे सात नंबर एकटंच सुरू आहे, नव्या पेशींवर पेशी!"

"काय सांगून राहिलं ते?" गुलाबरावांनी पुन्हा हात जोडले. "मॅडम, फांद्या मीच तोडल्या. पण पाणी रोज देऊन राहिलो जी, सहा बादल्या! झाडालेच विचारा!"

"पाणी? उन्हाळाभर?" मॅडम जागेवरच उडाल्या. "काका! सर म्हणाले, मॉडेल चुकलंय, फेकून दे. दोन वर्षांचं काम हो! मॉडेल बरोबरच आहे. त्याला ऊन-पाऊस कळतो, तुमच्या बादल्या कुठून कळणार?" आणि वाकून चक्क पाया पडल्या. "वाचवलंत मला. कसे उपकार फेडू?"

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लाकूड ज्या बारीक बारीक घरांचं बनतं, त्या पेशी.

गुलाबराव मटकन खाली बसले. "मंजे केस नाही?" डोळे भरून आले बिचाऱ्याचे. "वच्छला, ऐकलं का? पेशी मंजे कोर्ट नाही!"

त्यांची बायको चहा घेऊन बाहेर आली. "मले माहीत हाय. मी भंडाऱ्यात मराठीतून दहावी शिकली. पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"तीस वर्षांत पहिल्यांदा तुमी नळावर गेले. झाडासंगं माहा पाण्याचा ड्रमही भरून देत होते. मी कावून सांगू?" तिनं मॅडमच्या हातात कप दिला. "तुमचे लय उपकार हायेत, मॅडम. पुढच्या उन्हाळ्यातही या जी."

"येणारच! आता मुद्दाम पाणी देऊन बघायचंय. काकाच देतील ना?"

गुलाबरावांनी दोघींकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, याची अपील कुठं करा लागते?"