कर्ण्यातली हळद

काळूरामच्या मांडवात शिरता शिरता सखुबाईची नजर माडावर गेली आणि तिचं टाळकंच सणकलं.

"ह्यो भोंगा कशापायी लटकवलाय रं?"

"कर्णा हाय, मावशे," काळूराम छाती फुगवून म्हणाला. "माझ्या चंदरची हळद खाडीपल्याड ऐकू जाईल!"

"खाडीपल्याडच्यांना हळद लावायचीय का?"

सखुबाई धवलारीण. लग्नाचे धवले गाणारी. नवरा-नवरीची नावं धवल्यात गुंफून ती गाणार, तेव्हा कुठं बायांची बोटं हळदीत बुडणार, अशी आगऱ्यांची रीत. आणि हा काळूराम म्हणतो, तू बस, चा पी, आज फोनो गाणार!

फोनो गायला. तीन मिनिटांत तबकडी संपली, तसे चंदरच्या गालावर बायांचे हात जागीच थांबले. दुसरी तबकडी निघाली विरहाची. चंदरची आई हुंदके द्यायला लागली, तिचं बघून सगळा मांडव.

"हळद हाय का मयत?" सखुबाई कडाडली. "बंद कर त्या मेल्याला!"

काळूरामनं मुकाट्यानं माईक तिच्या पुढ्यात धरला. नासक्या बांगड्याकडं बघावं तसं तिनं त्या लोखंडी बोंडाकडं बघितलं. पण गायली. चंदर आणि त्याची नवरी कमळ, दोघांच्या नावानं दोन तास गायली.

मग होडीत बसून ती खाडीपल्याड बुधाजीकडं गेली. त्याच्या पोराची, नामाची, हळद दुपारी ठरलेली. बघते तर नामा पिवळाधमक, आणि बाया हात धुऊन जेवायला बसलेल्या.

"गायलं कोण?"

"तूच की!" बुधाजी हसला. "कर्ण्यातनं लख्ख आलं. म्हटलं, मावशीला दोनदा कशाला दमवायचं? घेतली उरकून."

सखुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या गाण्यावर, तिलाच वगळून हळद!

"आरं शहाण्या, मी नावं कुणाची घेतली?"

बुधाजीचं हसू गळालं.

"तुझ्या नामाला चंदरची हळद लावलीस! जा आता कमळीला आणायला. काळूराम कोयता घेऊन उभाच हाय!"

बायांनी हातातले घास टाकले. नामाला विहिरीवर नेऊन काथ्यानं असा घासला की पोरगा कोकलायला लागला. हळद नव्यानं वाटली. सखुबाई ताठ मानेनं पाटावर बसली, घसा खाकरला आणि तिनं पहिला धवला उचलला.

तेवढ्यात मांडवाच्या टोकाकडून एक म्हातारी ओरडली, "सखू, काय बी ऐकू येत न्हाय गं! सकाळी कसं लख्ख येत होतं. जरा पल्याड जाऊन म्हण ना!"