साठ हजारांचा नकार

शनिवारी सकाळी नऊ वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठीला बांधलेला आरसा घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच मुलीच्या लक्षात आलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. टॉर्च आणि आरसा ही त्यांची जुनी हत्यारं. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि कुठलंही यंत्र आधी खालून बघायचं हा त्यांचा बाणा होता. आज खालून बघायची होती एक सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक. वय चौसष्ट. आजवर सायकल आणि कंपनीची व्हॅन सोडून काही चालवलेलं नाही.

"आयुष्यभर वर-खाली केलं," ते म्हणाले. "आता जरा सरळ जाऊन बघतो."

"सरळ जायला स्कूटरही चालते, बाबा."

"स्कूटरवर माणूस जात नाही गं. स्कूटर त्याला पोचवते."

मुलीला बरोबर न्यायला कारण होतं. ती एका प्रकाशनात पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावरच तिचं पोट होतं. बाबा तिला 'तपासनीस बाई' म्हणत. लाडानं की वैतागानं, हे त्यांनी कधी उघड केलं नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरातही तिचं तेच काम चालू होतं. बाबांचं मीठ, बाबांची साखर, बाबांचं स्टुलावर चढून पंखा पुसणं, सगळ्यावर तिची लाल खूण पडायची. ही गाडी घरी येऊ द्यायची नाही, हेही तिनं पक्कं केलं होतं. पण समोरून नको म्हटलं की बाबा हट्टाला पेटत. म्हणून तिनं वेगळा बेत केला. आठवडाभर मोटारसायकलींबद्दल मिळेल ते वाचून काढलं. गाडीत इतकी खोट काढायची, भाव इतका पाडून मागायचा, की मालकानंच चिडून वाटेला लावावं.

मालकाचं चष्म्यांचं दुकान होतं. तिशीतला माणूस, पण कंबरेला रुंद पट्टा बांधून, एकेक पायरी मोजत खाली आला. मागोमाग त्याची बायको मूल कडेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली. गाडी लाल होती, हँडल खाली, शेपूट वर. कोणाला तरी शिवी देऊन पळायच्या तयारीत असल्यासारखी.

बाबांनी पायजम्याची पर्वा न करता जमिनीवर गुडघे टेकले आणि आरसा इंजिनाखाली घातला. "कोरडं आहे. थेंबभर तेल गळत नाही."

"चेन सैल आहे," मुलगी म्हणाली.

"ती घट्ट करता येते."

"मागचा टायर मधोमध झिजलाय."

"झिजतोच गं. टायर आहे तो, देव्हारा नाही."

"हँडलचा डावा लीव्हर नवाकोरा आहे, उजवा जुना. म्हणजे गाडी डाव्या अंगावर पडलेली आहे."

मालक ओशाळला. "चालवताना नाही हो ताई. उभी होती, तेव्हा पडली."

"उभ्या उभ्या पडते, तर मग चालवताना काय करेल?"

बाबा जमिनीवरूनच तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. आपली पोरगी आपल्यासाठी इतकी भांडतेय, असं त्यांना वाटत होतं.

"एक लाख तीस म्हणतोय मी," मालक म्हणाला. "थोडं मागंपुढं करू."

लाखाच्या खाली अशी गाडी मिळत नाही हे तिला ठाऊक होतं. "साठ हजार," ती म्हणाली आणि निघण्यासाठी पर्स खांद्याला लावली.

मालकाचं तोंड उघडलं. त्यातून काही बाहेर पडायच्या आत दारातून आवाज आला, "चालेल. आजच न्या."

"अगं, पण..."

"कंबर तुझी आणि रोज शेक मी देते. न्या हो काका, घेऊन जा."

अशा रीतीनं तिचा नकार साठ हजारांना मंजूर झाला. बाबांनी तिथूनच आत्याला फोन लावला. "अर्ध्याहून कमी किमतीत आणली माझ्या पोरीनं! अर्ध्याहून!" वाटेत त्यांनी आणखी सहा जणांना हेच सांगितलं, त्यांतला एक तर चुकून लागलेला नंबर होता.

गाडी मालकाच्या मेकॅनिकनं घरापर्यंत आणून दिली. मालक सही करायला मागून आला आणि पार्किंगमध्येच तिनं व्यवस्थित पावती लिहिली. सगळे गेल्यावर तिनं बाबांना बजावलं, "जॅकेट आल्याशिवाय आणि शिकवणारा माणूस मिळाल्याशिवाय किल्ली लावायची नाही. कबूल?"

"कबूल," बाबा इतक्या पटकन म्हणाले की तिला बरं वाटलं.

रविवारी ती आठला उठली. बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, एका पायात बूट, दुसरा मांडीवर. "चहा टाकू का?" तिनं स्वयंपाकघरातून दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला ती जवळ गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. एका क्षणात. त्रास झाला नसणार.

काल गाडी घेतली आणि आज गेले, एवढी दोनच वाक्यं लोकांच्या हाती लागली होती. मधला रस्ता, वळण आणि ट्रक त्यांनी पदरचे घातले. भेटायला येणारे घसा खाकरून विचारायचे, "किती वेगात होते?"

"खुर्चीत होते," ती सांगायची.

"हेल्मेट होतं ना?"

"घरात होते हो. बूट घालत होते. निघालेच नव्हते."

"हो, हो." पाठीवर हात यायचा. "असंच समजवायचं मनाला."

चौथ्या दिवशी ट्रक चुकीच्या बाजूनं येत होता. आठव्या दिवशी चुकीच्या बाजूनं बाबाच जात होते. ती प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायची, शांतपणे, स्वल्पविरामासकट. उपयोग व्हायचा नाही. आत्या तर सगळ्यांवर कडी. "गाडीनंच खाल्लं माझ्या भावाला," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

"आत्या, गाडी जागची हललेली नाही."

आत्या तिच्याकडे बघायची, पदरानं नाक पुसायची आणि गप्प बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "गाडीनंच खाल्लं."

महिन्याभरानं तिनं गाडी विकायला काढली. एक लाख दहा. घेतल्यापासून एकदाही न चालवलेली, असं जाहिरातीत लिहिलं, आणि ते खोटं पडू नये म्हणून नियम केला: सुरू करून बघा, पण जागेवरच. इंजिनाचा आवाज सुरू झाला की ती स्वतः जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहायची.

पहिला आला तो व्यायामशाळेत शिकवणारा. त्यानं गाडीवर चहूबाजूंनी बोटं फिरवली. "काम झकास करून घेतलंय. कुठं ठोकलीय ते कळतच नाही."

"ठोकलेलीच नाही."

"तेच म्हणतोय ना मी. कळत नाही." त्यानं सत्तर हजार देऊ केले.

तिनं एका गॅरेजवाल्याला घरी बोलावून गाडी तपासून घेतली आणि अपघात झालेला नाही असा दाखला लिहून घेतला. पुढच्या गिऱ्हाइकानं तो दोनदा वाचला. "काही झालंच नव्हतं तर दाखला कशाला काढलात?" आणि चालवून का बघू देत नाही, हेही त्याला समजेना. तो पन्नासवर आला. त्यानंतर आलेल्या जोडप्याला तिनं थेट मृत्यूचा दाखला दाखवला. नवऱ्यानं बोट ठेवून वाचलं, "हृदयक्रिया बंद." बायको म्हणाली, "ट्रक समोर बघितल्यावर कोणाची चालू राहील?" त्यांनी काही भाव सांगितला नाही. जाताना बाईंनी गाडीला वळसा घातला, ओल्या फरशीला घालतात तसा.

पैशांचं तिला फारसं काही नव्हतं. तिला राग येत होता तो वेगळाच. गावभर तिचे बाबा चौसष्टाव्या वर्षी ट्रकखाली धावत सुटलेले एक खुळे म्हातारे झाले होते. खरे बाबा तिचं ऐकून शहाण्यासारखे घरात बसलेले होते. निदान एका माणसानं तरी हे मानावं, एवढंच तिला हवं होतं.

तो माणूस दीड महिन्यानं आला. गणिताचे मास्तर. पन्नाशीचे, पहिलीच मोटारसायकल घेणारे, खिशाला पेन्सिल, हातात वही. त्या दिवशी आत्याही घरी होती. बाबांच्या कपाटातले कपडे आवरून, पिशवी घेऊन ती निघालीच होती, म्हणून खाली पार्किंगमध्ये तीही आली.

मास्तरांनी सगळी हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली. दीड महिन्यात हे कोणी केलं नव्हतं. मग म्हणाले, "लोकांचं सोडा. आकडा खोटं बोलत नाही. घेतली तेव्हा गाडी किती चालली होती?"

तिनं पावती आणली. तिच्याच नीटस अक्षरात लिहिलं होतं: चाललेले अंतर १८,४१२ किलोमीटर.

"हे कुठं लिहिलंत?"

"इथंच. गाडी आल्यावर."

"त्यानंतर कोणी हलवली?"

"कोणीही नाही."

"मग लावा किल्ली. तोच आकडा निघाला तर तुमचं खरं, आणि मी नव्वद देतो, वर एक अक्षर बोलत नाही."

आज ती जिन्याकडे गेली नाही. एखाद्या शब्दाबद्दल पैज लावून शब्दकोश उघडावा, तशा ऐटीत तिनं किल्ली फिरवली. हँडलमागची काळी काच उजळली. तिनं आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

मास्तरांनी वहीत वजाबाकी मांडली. "अठरा हजार चारशे एकतीस. वजा अठरा हजार चारशे बारा. एकोणीस राहिले." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "म्हणजे चालवली होती."

"शक्यच नाही," ती म्हणाली. "यंत्रात काहीतरी..."

मागं आत्यानं पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसकण मारली. "आला होता तो माझ्याकडे."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझा बाप. रविवारी सकाळी सहाला खाली भोंगा वाजवतंय कोण, म्हणून गॅलरीत येते तर हा! वाकून बसून पाठ धरलेली. उतरायला जमेना, मला खाली बोलावून घेतलं हात द्यायला. आणि हसतोय! सगळे दात दिसत होते, कवळीसकट."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू ज्याला त्याला सांगत सुटलेली, निघालेच नव्हते म्हणून. म्हटलं, तेवढ्यावर पोर उभी आहे तर उभी राहू दे." आत्यानं पदर नाकाला लावला. "मी शिव्या दिल्या गं त्याला. वर ये, चहा घे, असं काही म्हटलं नाही. लाज नाही वाटत का, म्हटलं, या वयात. तर म्हणतो, ओरडू नकोस, तपासनीस बाई उठायच्या आत मला परत पोचायचंय."

मास्तरांनी घसा साफ केला. "मला वाईट वाटतं. पण म्हणजे लोक म्हणतात त्यात काहीतरी तथ्य निघालं. त्या हिशेबानं पंच्याहत्तर. चालेल का?"

तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "आत्या, ते साठ हजार मी भाव म्हणून मागितले नव्हते. त्यांना गाडी मिळू नये म्हणून मागितले होते. ते लोकांना सांगत सुटले, पोरीनं स्वस्तात आणली. मी त्यांना सांगितलंच नाही."

"बरं केलंस."

"नऊ वर्षं मी त्यांना सगळ्यातून मागं ओढत होते. त्यांना काही होऊ नये म्हणून. मला भीती वाटायची, ते गेले तर माझं कोण, म्हणून. हेही नाही सांगितलं. नुसतं मीठ कमी करत राहिले."

मास्तरांनी वही मिटली.

काचेवर आकडा अजून जळत होता. मुलीनं लाल टाकीवर हात ठेवला, आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना, वर दोन मजल्यांवरची माणसं खिडकीतून वाकून बघत असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"बरं झालं, बाबा. बरं झालं तुम्ही माझं ऐकलं नाहीत."