कात्री समितीच्या ताब्यात

शिंपीमास्तरांना समाजात सामावून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या संध्याकाळी गल्लीने आधी आपापली पोरे घरात घेतली, दारांना कड्या लावल्या आणि मग खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

प्रकरण तसे जुने होते. नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाला मास्तरांची कात्री मागवली होती. तबक पुढे धरायचे, एवढेच त्यांचे काम. पण तेव्हा मास्तरांचे डोके ठिकाणावर नव्हते. नगराध्यक्षांच्या कोटाची डावी बाही आपल्याला शिव्या देते आहे, असे त्यांना स्वच्छ ऐकू आले आणि त्यांनी फीत सोडून बाही कापली. बाहीत हात होता. टाके पडले, खटला चालला. वेडाच्या भरात घडले म्हणून कोर्टाने मास्तरांना निर्दोष सोडले आणि इस्पितळात पाठवले. तिथल्या औषधांनी बाही कायमची गप्प झाली.

आता ते थोरल्या बहिणीच्या घरी राहायला आले होते. सुटकेच्या अटी दोनच. मास्तरांनी आपल्याच धंद्यावर पोट भरून दाखवावे आणि कात्रीला हात लावू नये. यातली कुठलीही मोडली की पुन्हा इस्पितळ, आणि या वेळी जन्मभर.

"अहो, कात्रीशिवाय शिंप्यानं करायचं काय?" ताईने विचारले.

"त्याची व्यवस्था झाली आहे," देखरेख समितीचे अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त हेडक्लार्क होते आणि घरी त्यांना कोणी काही विचारत नसे. "मास्तर खडूनं आखतील, समिती कापेल. समाजाचा सहभाग म्हणतात तो हाच!"

कात्री मात्र समितीचे सचिव असलेल्या हार्डवेअरवाल्याकडे साखळकुलपात राहिली. ती बैठकीत बाहेर निघे. कापडावर मास्तरांची रेषा असे, पण रेषा ही केवळ शिफारस आहे, असे अध्यक्षांचे मत पडले. मग दर कापाला मतदान. पहिल्या पँटचा डावा पाय अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली कापला गेला, उजवा त्यांच्या गैरहजेरीत. मास्तरांनी ती निमूटपणे शिवली, पण मनातल्या मनात त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"साहेब, जरा रेषेवरून कापाल का?" एकदा त्यांनी धीर करून विचारलेच.

समितीने एकमेकांकडे पाहिले. 'रेषांविषयी अवाजवी आग्रह' अशी नोंद झाली. मास्तर गप्प बसू लागले, तेव्हा 'एकलकोंडेपणा' लिहिला गेला. म्हणून ते एकदा हसले. त्या रात्री हार्डवेअरवाल्याने कुलूप बदलले.

गिऱ्हाइके मात्र वाढली. समितीने कापलेल्या कपड्यांना नावे ठेवायची कोणाची टाप नव्हती, आणि एक बाही आखूड असणे हे जागरूक नागरिकाचे लक्षण आहे, असे हळूहळू गल्लीत मानले जाऊ लागले. लग्नाच्या मुलांचे फोटोसुद्धा तसेच काढले जात.

"तू काही बोलू नकोस रे," ताई मास्तरांना रोज बजावी. "वाकडं तर वाकडं. तू घरात आहेस ना, मला तेवढं पुरे."

अखेर तपासणीचा दिवस उजाडला. इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई आल्या. नगराध्यक्षही आले, मोठ्या मनाने, समितीने कापलेला नवा कोट घालून. सगळे सुरळीत चालले असते, पण अध्यक्षांना कोटाची डावी बाही लांब वाटली.

"लांब नाही, बरोबर आहे," हार्डवेअरवाला म्हणाला.

"मी अध्यक्ष आहे!"

"कात्री माझ्याकडे आहे!"

झटापट झाली. सभासदांनी घाईघाईने हात वर केले, ठराव बहुमताने संमत झाला आणि अध्यक्षांनी बाही कापली. बाहीत हात होता. नगराध्यक्ष किंचाळले. समिती टेबलाखाली गेली. मास्तरांनीच अस्तराची पट्टी फाडून जखम घट्ट बांधली. कात्री त्यांच्या पायाशी पडली होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

डॉक्टरीणबाईंनी अध्यक्षांना बाजूला घेतले. "तुम्हाला कसले आवाज ऐकू आले का?"

"छे! बहुमत होतं."

बाईंचा नाइलाज झाला. अध्यक्ष पूर्ण शुद्धीवर होते, तेव्हा उपचारांचा प्रश्नच नव्हता. काम ठरावानुसार झाले होते, तेव्हा गुन्ह्याचाही नव्हता. नगराध्यक्षांनी डाव्या हाताला झोळी बांधून उजव्या हाताने अध्यक्षांचा सत्कार केला.

मास्तर मात्र ठणठणीत बरे ठरले. दोन्ही अटी उठल्या. ताईने डोळे पुसत कात्री त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी पहिला सदरा रेषेवरून, मनासारखा कापला आणि रात्रभर बसून शिवला.

सकाळी गिऱ्हाईक तो घेऊन परत आले.

"मास्तर, तुम्हाला अजून बरं वाटत नाही का? दोन्ही बाह्या सारख्याच झाल्यात की!"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले, मग ताईकडे पाहिले, आणि मुकाट्याने डावी बाही चार बोटे कापून दिली. त्यांना घरी राहायचे होते.

तुम्ही हसताय, हसा. पण जरा आरशासमोर उभे राहून दोन्ही हात पुढे करा आणि आपल्या बाह्या बघा. त्यातली आखूड बाही कापणारा माणूस शहाणा होता, आणि तुम्ही तेव्हा दुसरा हात वर केला होता.