हरकतीचा निळा फॉर्म

वाचनालयाची वरची खोली नऊ वर्षे बंद होती. आत पन्नास-साठ मोडक्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नसल्याने त्या तिथे सुखाने नांदत होत्या. ही खोली दर शनिवारी चार ते सहा बसायला मिळावी, असा अर्ज चष्मेवाल्यांच्या मुलीने केला.

अर्ज "परिसरातील क्वीअर तरुण व त्यांचे पाठीराखे" यांच्या वतीने होता. ही मंडळी म्हणजे एकूण सहा जण. आजवर ते चष्मेवाल्यांच्या दुकानामागे, काचा घासायच्या खोलीत दाटीवाटीने बसत. चष्मेवाल्यांनी तशी मुभा दिली होती. दोन वर्षांपूर्वी मुलीने आपल्याला मुलीच आवडतात असे सांगितले, तेव्हाही मशीन बंद न करता ते म्हणाले होते, "माझी काही हरकत नाही." या वाक्याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. किती बाप एवढे तरी म्हणतात?

पण समोरच लाँड्री होती आणि लाँड्रीवाल्यांची एकोणीस वर्षांची पुतणी त्या सहांतलीच एक. काकांच्या डोळ्यांदेखत तिला दुकानात शिरता येईना. दोन महिने ती आली नव्हती, फोन उचलत नव्हती, आणि बाकीच्या पाचांच्या जिवाला घोर लागला होता. तिच्या घरात एकाच वाक्यावर कुणी "कशाला?" असे विचारत नसे, ते म्हणजे "वाचनालयात चाललेय." खोली हवी होती ती तिच्यासाठी.

कारकून अर्ज वाचताना "क्वीअर"पाशी अडखळला आणि तिथून पुढे त्याने "उपरोक्त" या शब्दावर काम भागवले.

"उपरोक्तांना खोली देता येईल," तो म्हणाला. "फक्त नियमाप्रमाणे तीस दिवस हरकती मागवाव्या लागतात. हा निळा फॉर्म."

"आणि पाठिंब्याचा फॉर्म?" मुलीने विचारले.

"त्याची आजवर कुणी मागणी केलेली नाही."

"मग ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी काय करायचं?"

"यावरच लिहायचं, हरकत नाही म्हणून. आमची काही हरकत नाही."

मुले कामाला लागली. दारोदार फिरली, जिने चढली, पाणी विचारणाऱ्यांकडे पाणी प्याली आणि न विचारणाऱ्यांनाही नमस्कार करून आली. चष्मेवाल्यांनी काउंटरवर फॉर्मांचा गठ्ठाच ठेवला. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा चढवला की ते म्हणत, "हे वाचून बघा. नीट दिसतंय? मग खाली सही करा." महिनाअखेर दोनशे बारा फॉर्म जमले. दोनशे नवांवर "माझी काही हरकत नाही" असे स्वच्छ लिहिलेले होते. खरी हरकत तिघांची होती.

सचिवांनी निकाल दिला: "प्रस्तावाविरुद्ध दोनशे बारा हरकती प्राप्त. अर्ज नामंजूर."

"अहो सर, दोनशे नऊ जणांनी हरकत नाही असं लिहिलंय," मुलगी म्हणाली.

"हरकत नव्हती, तर हरकतीचा फॉर्म भरला कशाला?" सचिव मायेने म्हणाले. "बाळ, माझ्या मनात काही नाही हो. वैयक्तिक पातळीवर मी तुमच्याच बाजूचा. पण मी इथे वैयक्तिक नसतो ना."

मुलीने नियमावली घरी नेली आणि तिच्यातून फेरविचाराचे कलम शोधून काढले. पन्नास माणसे समक्ष हजर राहिली, तर निर्णय बदलता येत होता. शनिवार ठरला. वेळ चारची, सव्वाचारला दार बंद. पन्नास म्हणजे काहीच नाही, सह्या तर दोनशे नऊ होत्या. सभा वरच्या खोलीतच होती, म्हणून कारकुनाकडून किल्ली घेऊन मुलांनी आठवडाभर तिथल्या पन्नास खुर्च्यांचे पाय ठोकले.

शनिवारी मात्र एकीच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली. एकाचे जावई आले. एकाने सांगितले, "माझी सही आहे ना तिथे? आता अजून काय करू?" हरकतवाले तिघे पावणेचारलाच आले आणि रुमालाने खुर्च्या पुसून पहिल्या रांगेत बसले. चष्मेवाल्यांकडे नेमके चारला एक गिऱ्हाईक आले. आपली हरकत नाही हे गावाला ठाऊक आहे, असा विचार करून त्यांनी सावकाश काच बसवली. ते वाचनालयात पोहोचले तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटे होती आणि कारकून जिन्यावर किल्ली फिरवत उभा होता.

"उपस्थिती सतरा," तो म्हणाला. "विरोधक धरून."

मुलगी खाली वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी सापडली. सहाही जण तिथेच होते. लाँड्रीवाल्यांच्या पुतणीपुढे एक वर्तमानपत्र उघडे होते आणि तिचे डोळे लाल झाले होते.

"साडेतीनपासून बसलीय ती," मुलगी हळूच म्हणाली. "किती जण जिना चढतायत ते मोजत होती. तुमच्यासाठी चार वेळा दाराकडे बघितलं तिने, बाबा."

"अगं, माझी तर काही..." चष्मेवाले म्हणू लागले. त्यांना अतिशय लाज वाटली. खुर्ची ओढून ते पुतणीच्या शेजारी बसले.

कारकून आला. "इथे बोलता येणार नाही."

"बसता येतं ना?" चष्मेवाल्यांनी विचारले.

"बसा. हरकत नाही."

तेव्हापासून ते सातही जण दर शनिवारी चार ते सहा तिथे बसतात आणि चिठ्ठ्या लिहून बोलतात. फेरविचाराचा दुसरा अर्ज गेला आहे, तारीखही लागली आहे. पन्नास खुर्च्या वर तयार आहेत. तुम्हाला वेगळे बोलावणे येणार नाही. त्या दोनशे नवांत तुमची सही आहेच.