सोळा तसबिरींची आणि एका आईची हकीकत

ज्याणे रंग कालविले आणि कोणता कोणास दिला याचा हिशेब कारभाऱ्यांहाती दिला नाही, त्या परमेश्वरास दंडवत घालोन हकीकत लिहितो ऐसीजे. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर. गलबतावरील दुभाष्याने शपथपूर्वक सांगितले तैसे उतरविले आहे. डोके ताळ्यावर ठेवून वाचावे, माझे राहिले नाही.

समुद्रापलीकडे एक मुलूख. तेथे इस्पानी बोलणारे टोपकर उतरले, मुलूख मारिला, आणि मग मुलखी बायकांशी कोठे लग्न लावून, कोठे निखळ जुलुमाने संसार मांडिले, आणि शेतांवर राबावयास हबशी धरून आणिले, आणि त्यांचेही संसार जाहले, आणि दोन अडीचशे वर्षांत ऐसी सरमिसळ जाहली की आरशात पाहून आपला पणजा कोण हे कोणास सांगता न ये. यात वाईट ते काय? माणसे नांदत होती, बारशी करीत होती. परंतु लोक नुसते नांदलेले कारभाऱ्यांस बघवत नाहीत. त्यांणी जाती पाडिल्या. टोपकर बाप आणि मुलखी आई, त्यांचे मूल मेस्तिसो. मेस्तिसोने फिरोन टोपकराशी लग्न केले तर मूल कास्तिसो. हबशी रक्त आले की मुलातो. आणि पुढे अक्कल सरली तेव्हां एका जातीस 'हवेत लोंबकळ', एकीस 'मागे उडी', आणि एकीस खरोखर 'तू मला कळत नाहीस' ऐसी नावे दिली. मी दुभाष्यास तीनदा विचारिले. तीनदा तो हेच म्हणाला. आणि प्रत्येक जातीस पेठ वेगळी, देवळात बाक वेगळा, रेशीम कोणी नेसावे आणि कोणी नेसू नये तेही ठरलेले.

मग टोपकरांच्या राजेसाहेबांस दूरदेशी बसल्या बसल्या लहर आली की आमची रयत दिसते कैसी ते पहावे. सुभेदारांस हुकूम आला की सोळा तसबिरी पाठवाव्या, प्रत्येकीत आई, बाप आणि मूल, आणि खाली जातीचे नाव. सुभेदारांनी हे काम गास्पार नामे कारभाऱ्यास सांगितले. हा गृहस्थ माणसाच्या नखाकडे पाहून त्याची पणजी सांगत असे, आणि लोक ऐकून घेत, कारण शिपाई त्याचे होते. त्याणे बर्नाबे चितारी यास बोलाविले आणि म्हणाला, "जहाज सुटण्यापूर्वी सोळाही पाहिजेत." बर्नाबे गावभर फिरला. कोणी समोर बसेना. ज्यास त्यास आपल्या चेहऱ्याखाली एक पायरी वरचे नाव पाहिजे. भाजीवालीने तर टोपली फेकून मारिली. मग बर्नाबे वैतागून घरी आला आणि पाहतो तो घरातच सगळे रंग हजर. थोरली पेत्रोना गव्हाळ, मधला मातियास तांबूस, धाकटी लुसिया काळीसावळी, कुरळ्या केसांची. आई एक, बाप एक. चितारी हुरळला. बापाच्या जागी आरशात पाहून आपणच, आईच्या जागी बायको खासिंता, आणि मुले आळीपाळीने.

खासिंता म्हणाली, "अहो, कितीदा बसवाल? मक्याची भाकरी करपली तिकडे."

"अगं, एवढी पिसे खोव. आज तू मुलखी आहेस."

"आणि काल?"

"काल टोपकरीण होतीस. उद्या तोंडास थोडी काजळी लावू."

"लावा बापडे. पण पोरे जेवल्यावर."

येणेप्रमाणे सोळा तसबिरी सिद्ध जाहल्या. गास्पारांनी पाहिल्या आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "शाबास! एकेक जात कैसी निवडक शोधलीस!" चितारी गप्प बसला. तेथेच घात जाहला. तसबिरी जहाजावर चढल्या आणि त्यांच्या नकला कचेरीत टांगिल्या, आणि गास्पारांस नवे सुचले की आता नखे कशास पहावी, ज्याची जात ठरविणे त्यास तसबिरींशी ताडून पहावे.

त्याच दिवसांत पेत्रोनाचे लग्न आन्सेल्मो नामे चांदीकाराशी ठरले होते. चांदीकारांच्या पंचांचा नियम असा की वधूचे रक्त तपासल्याविना कारागिरास लग्न नाही, आणि केले तर पेढीवर जागा नाही. मग गास्पार तपासावयास आले. पेत्रोना कास्तिसोच्या तसबिरीत तंतोतंत सापडली, पंच खूष. लुसिया सापडली 'हवेत लोंबकळ' या तसबिरीत, काजळी लावलेल्या आईच्या मांडीवर. गास्पार म्हणाले, "ही तुझी मुलगी नव्हे. हिची आई दुसरी आहे."

खासिंता म्हणाली, "साहेब, ती दुसरीही मीच. पिसे खोवलेली मीच. हे पहा, हनुवटीवरचा तीळही तोच आहे."

"तसबिरी राजेसाहेबांस पाठविल्या आहेत. त्या खोट्या कैशा होतील?"

"मग मी खोटी का?"

"तू खोटी नव्हेस. तू एकाहून अधिक आहेस."

बर्नाबे पायांशी पडला आणि म्हणाला, "सरकार, चूक माझी. माणसे मिळेनात म्हणोन घरचीच बसविली." त्यावर गास्पार हसून म्हणाले, "चितारी, तुझा हात खरा आहे. त्याणे जाती बरोबर ओळखिल्या, तुजला कळले नाही इतकेच." ऐशा शहाण्यापुढे काय बोलावे? मी असतो तर कपाळ बडवून घेतले असते. निवाडा ऐसा जाहला की लुसिया नदीपलीकडच्या पेठेत तिच्या जातीच्या परटिणीकडे रहावी. आणि आईने ती माझीच म्हणोन हट्ट धरिला तर दोघी बहिणी एकाच जातीच्या धरून पेत्रोनाचे लग्न मोडावे. म्हणजे एका मुलीस टाकावे तेव्हां दुसरीचे व्हावे. खासिंतेने रात्रभर विचार केला असेल, दुभाष्यास ठाऊक नाही; सकाळी तिणे लुसियेची वेणी घातली आणि तिला परटिणीकडे पोहोचविली. मग रोज अंगावरचे रेशीम उतरून, सुती लुगडे गुंडाळून नदीपलीकडे जाई, आणि लेकीस जेवू घाली, आणि परत येऊन फिरोन रेशीम नेसे. परटिणीने विचारिले, "बाई, तू कोण?" तेव्हां म्हणाली, "शेजारीण."

लग्नाचा दिवस आला. देवळात पुढल्या बाकावर पंच, गास्पार, आणि रेशमात खासिंता. अगदी मागल्या बाकावर परटिणीजवळ लुसिया. पाद्रीबाबांनी रीतीप्रमाणे विचारिले की या लग्नास कोणाची हरकत आहे काय. हरकत कोणाची नव्हती. एवढ्यात लुसियेने आईची पाठ ओळखिली आणि मोठ्याने हाक मारिली, "आई!" सारे देऊळ वळले. खासिंता वळली नाही. मान ताठ धरून बसली, हाताची बोटे बाकात रुतली, आणि डोळ्यांचे पाणी रेशमावर पडू लागले. मूल पुन्हा ओरडले, "आई, मी इकडे!"

तेव्हां वधू वळली. पेत्रोना वेदीपासून चालत मागल्या बाकापर्यंत गेली, लुसियेस कडेवर घेतले, परत आली आणि आईच्या मांडीवर नेऊन बसविली. मग गास्पारांस म्हणाली, "ही माझी बहीण. हिची जात ती माझी. आता लिहा काय लिहायचे ते." पंच उठोन चालते जाहले. जाता जाता थोरले पंच आन्सेल्मोस म्हणाले, "पोरा, चल. उद्या पेढीवर जागा राहणार नाही." आन्सेल्मोने दाराकडे पाहिले, पेत्रोनेकडे पाहिले, आणि पाद्रीबाबांस म्हणाला, "बाबा, पुढचे वाचा." बाबांनी वाचिले. आन्सेल्मो पुढे चांदीस मुकला आणि तांब्याची भांडी ठोकू लागला. बिऱ्हाड साऱ्यांचे नदीपलीकडे गेले, आणि लुसिया आईपाशी राहिली.

इतकी हकीकत जाहली. ही आमच्या दरबारी वाचोन दाखविली. मंडळी पोट धरधरोन हसली. म्हणाली, काय हे टोपकर, एका आईची लेकरे वेगळ्या जातींत घालितात, मूर्खपणास सीमा नाही! मला बरे वाटले, वाटले की श्रम सार्थकी लागले. मग हसणे ओसरल्यावर लोडाशी टेकलेल्या एका थोर गृहस्थांनी विडा गालात सरकवून विचारिले, "ते सर्व ठीक. पण ती मुलगी शेवटी कोणत्या जातीत धरिली? आणि तिचे हातचे पाणी चालते काय?" आणि सारी मंडळी उत्तरासाठी माझ्याकडे पाहू लागली.